चिमणीहून लहान सुतार: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

पानगळ लागली की सुतार पक्ष्यांविषयीचे प्रश्न वाढतात. या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच पक्ष्याभोवती फिरतात. तो म्हणजे तपकिरी टोपीचा बुटका सुतार. शास्त्रीय नाव युंगिपिकस नानस. जुन्या पुस्तकांत हाच डेंड्रोकोपॉस नानस किंवा पिकॉइडिस नानस म्हणून सापडेल. व्हिगर्स यांनी १८३२ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. मराठी नाव पुस्तकागणिक बदलतं, म्हणून खाली सगळीकडे त्याला नुसतं ‘बुटका सुतार’ म्हटलं आहे.

बोरिवलीहून: राष्ट्रीय उद्यानात सागाच्या अगदी शेंड्याला चिमणीपेक्षाही लहान, पांढऱ्या पट्ट्यांचा सुतार दिसला. हे एखाद्या मोठ्या सुताराचं पिल्लू असावं का?

पिल्लू नाही, पूर्ण वाढ झालेला बुटका सुतारच. सुताराची पिल्लं ढोलीतून बाहेर पडतात तेव्हा आकाराने जवळजवळ आई-बापाएवढी झालेली असतात. त्यामुळे झाडावर स्वतंत्रपणे फिरणारा ‘लहानसा सुतार’ दिसला, तर ती लहान जातच समजावी. बुटका सुतार चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण १३ सेंटिमीटर आणि वजनाने १३ ते १७ ग्रॅम असतो. चिमणी १५ सेंटिमीटरच्या आसपास भरते.

ओळखताना रंगाकडे सगळ्यात शेवटी या. आधी पक्षी झाडाच्या कोणत्या भागावर आहे ते पाहा. हा बोटाएवढ्या जाडीच्या डहाळ्यांवर, फांद्यांच्या टोकांकडे काम करतो, कधी डहाळीच्या खालच्या बाजूने उलटा लटकूनही. सोनपाठीसारख्या मोठ्या सुताराला अशी डहाळी पेलत नाही. मग डोकं पाहा. टोपी तपकिरी, डोळ्यावर पांढरी भुवई, आणि डोळ्यापासून मानेच्या बाजूने खाली उतरणारा रुंद तपकिरी पट्टा. डोळा फिकट, पांढुरका. त्याभोवती गुलाबीसर कडा. सुतारांमध्ये हा फिकट डोळा फार कामाचा आहे, कारण चांगल्या उजेडात तो लांबूनही चमकतो. पाठ आणि पंख काळपट तपकिरी, त्यावर आडवे पांढरे पट्टे आणि ठिपके. पोट मळकट पांढरं, त्यावर बारीक उभ्या तपकिरी रेषा. पोटावर लाल नाही, डोक्यावर पिवळं नाही, तुरा नाही. या तीन ‘नाहीं’ची खात्री केली की महाराष्ट्रात दुसरा उमेदवार उरत नाही.

एक गल्लत मात्र वरचेवर होते, ती शिलींध्री या छोट्या पक्ष्याशी. शिलींध्रीही फांदीवर उलटसुलट फिरते आणि आकाराने एवढीच असते. पण शिलींध्री झाडावरून डोकं खाली करून उतरते. सुतार तसं करत नाही. तो शेपटीचा टेकू घेऊन वर चढतो आणि खाली यायचं असेल तर मागे मागे सरकतो. शेपूट सालीला टेकलेली दिसली की सुतार.

चंद्रपूरहून: मराठा सुतार आणि बुटका सुतार एकाच रानात दिसतात. दुर्बिणीतून दोघेही ठिपक्याठिपक्यांचेच वाटतात. खात्रीची खूण कोणती?

मराठा सुतार म्हणजे लिओपिकस महरट्टेन्सिस. लॅथम यांनी १८०१ साली दिलेल्या या नावातच मराठा मुलूख आहे. हा १७ ते १८ सेंटिमीटरचा, म्हणजे लांबीला चार-पाचच सेंटिमीटर जास्त असं वाटेल, पण वजनाने दुप्पट किंवा त्याहूनही अधिक. शेजारी शेजारी बसले तर फरक लगेच कळतो. एकटा दिसला की फसायला होतं.

खात्रीची खूण टोपीचा रंग. मराठा सुताराचं कपाळ पिवळसर असतं. नराच्या टोपीचा मागचा भाग लाल, मादीत लाल नाही पण पिवळेपणा असतोच. बुटक्यात नर असो की मादी, टोपी तपकिरी. दुसरी खूण मराठ्याच्या पोटाच्या मध्यावरचा लाल डाग. ही खूण छापील चित्रांत ठळक असते, प्रत्यक्षात पक्षी फांदीला चिकटून असल्याने झाकली जाते. म्हणून लाल डाग दिसला तर मराठा नक्की, पण दिसला नाही म्हणून बुटका असं ठरवू नका. तिसरी खूण डोळ्याची. मराठ्याचा डोळा गडद आणि बुटक्याचा फिकट.

जागाही बोलते. मराठ्याला मोकळं, कोरडं रान आवडतं: बाभळी, बांधावरची झाडं, आमराया, रस्त्याकडेची जुनी झाडं. तो खोडावर आणि जाड फांद्यांवरही निवांत काम करतो. बुटका पानझडीच्या जंगलात, बांबूच्या बेटांत, झुडपांत, सागाच्या लागवडीत दिसतो आणि एका जागी फार टिकत नाही. तरीही निव्वळ जागेवरून नाव लिहू नका. ताडोब्यासारख्या रानात दोघांच्या जागा एकमेकींत मिसळतात.

सावंतवाडीहून: तुरा असलेला, शेपूट तुटल्यासारखी वाटणारा काळा-पांढरा छोटा सुतार जोडीने दिसतो. बांबूत त्याहून लहान, हिरवट असा एक पक्षीही ठोकत होता. हे दोघे कोण?

पहिला हृदयांकित सुतार, हेमिसर्कस कॅनेन्टे. १५ ते १६ सेंटिमीटर, डोकं तुऱ्यामुळे अंगाच्या मानाने मोठं आणि शेपूट फारच आखूड. एवढी आकृती पाहूनच, पाठीमागून उजेड असतानाही, हा ओळखता येतो. पंखांच्या फिकट भागावर काळे बदामाच्या आकाराचे ठिपके असतात, त्यावरून नाव पडलं. मादीचं कपाळ पांढुरकं, नराचं काळं. पश्चिम घाटाच्या ओलसर पानझडी आणि सदाहरित जंगलात तो नियमित आहे.

दुसरा बहुधा ठिपकेदार पिक्युलेट, पिकम्नस इनॉमिनॅटस. हा जेमतेम १० सेंटिमीटर. पाठ हिरवट, पोट फिकट आणि त्यावर ठळक काळे ठिपके, चेहऱ्यावर दोन पांढरे पट्टे. हा सुतारांच्याच कुळातला, पण शेपूट मऊ असल्याने तिचा टेकू घेत नाही. आडव्या डहाळीवर इतर छोट्या पक्ष्यांसारखा बसलेलाही दिसेल. तुमच्या भागात आणि गोव्यातल्या घाटात बांबूच्या वाळक्या काड्यांवर टकटक आली तर आधी याचा विचार करावा. नोंद करताना पाठीचा हिरवटपणा आणि पोटावरचे गोल ठिपके दोन्ही पाहिले असतील तरच नाव लिहा. बुटक्याच्या पोटावर ठिपके नसतात, रेषा असतात.

नाशिकहून: बुटक्या सुताराचे पाच-सहा फोटो आहेत. लाल रंग एकातही नाही. मग सगळ्या माद्याच का?

तसं म्हणता येणार नाही. नराचा लाल रंग म्हणजे डोळ्याच्या मागे, टोपीच्या कडेला असलेली एक बारीक रेघ. ती बहुतेक वेळा भोवतालच्या पिसांत दबलेली असते. डोक्याची मागची बाजू आणि एक कड स्पष्ट दिसणारा फोटो असेल, तरच ‘मादी’ लिहा. समोरून किंवा खालून काढलेल्या फोटोवर ‘नर-मादी ठरवता येत नाही’ ही नोंद अचूक आहे, अपुरी नाही.

पुण्याहून: यादीत या पक्ष्याचं नाव नेहमी असतं, पण दोन वर्षांत एकदाही दिसला नाही. शोधायचा कसा?

बुटका सुतार दुर्मिळ नाही. जगातील संकटग्रस्त जातींच्या लाल यादीतही तो ‘किमान चिंता’ या गटात आहे. तो हुकतो याचं कारण शोधण्याच्या सवयीत आहे. सुतार म्हटलं की नजर खोडावर जाते आणि हा खोडावर क्वचितच असतो.

मोसम निवडा. साग, ऐन, सावर यांची पानं झडल्यावर, म्हणजे साधारण जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत, शेंडे उघडे पडतात. याच दिवसांत काटेसावर, पळस आणि पांगारा फुलतात. बुटका सुतार मुंग्या, भुंगेरे आणि सालीखालच्या अळ्यांवर जगतो, पण फळं आणि फुलांतला मधही घेतो. त्यामुळे फुललेल्या पांगाऱ्यावर मैना आणि बुलबुलांची गर्दी पाहताना शेजारच्या वाळक्या डहाळ्यांवरूनही नजर फिरवा.

सूर्योदयानंतरचे पहिले अडीच-तीन तास उत्तम. चालत राहिलात तर हा सापडणार नाही. दोनशे-तीनशे मीटर चालून एका जागी पंधरा ते वीस मिनिटं थांबा. ठोकण्याचा आवाज इतका हलका असतो की पायाखालच्या सागाच्या पानांत तो बुडून जातो.

थांबल्यावर मिश्र थव्याची वाट पाहा. हिवाळ्यात छोटे कीटकभक्षी पक्षी एकत्र फिरतात: निखार, सुभग, राखी वल्गुली, शिलींध्री, नाचण, मागोमाग कोतवाल. बुटका सुतार अशा थव्यात वारंवार असतो, बहुधा एक किंवा जोडी. निखारांचा लाल-नारिंगी रंग डोळे खेचून घेतो आणि सगळ्यांच्या दुर्बिणी तिकडे वळतात. त्या क्षणी तुम्ही वाळक्या डहाळ्या पाहा. थवा एका झाडावरून पाच-सात मिनिटांत सरकतो, म्हणून आधी नुसत्या डोळ्यांनी हालचाल हेरा आणि मगच दुर्बीण उचला.

आवाज ओळखीचा झाला की अर्धं काम होतं. बुटक्याचा आवाज बारीक, झपाट्याने थरथरणारा असतो: ‘क्लिक्‌-र्र्र्र’. मोठ्या सुतारांच्या खणखणीत हाकेशी त्याचं साम्य नाही. हा शेंड्यातून येतो आणि किड्याचा वाटून सोडून दिला जातो. एकदा पक्षी आवाज करताना डोळ्यांसमोर पाहिला, की तो कानात बसतो. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू मात्र नका. हद्दीत दुसरा पक्षी घुसला असं समजून तो खाणं सोडून धावत येतो, आणि विणीच्या काळात त्याला याची किंमत मोजावी लागते. आवाज घरी ऐकून पाठ करा, रानात मोबाइल खिशात असू द्या.

दुर्बीण ८ बाय ४२, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची, पुरेशी. १५ मीटरवर असलेला १३ सेंटिमीटरचा पक्षी नुसत्या डोळ्यांना पौर्णिमेच्या चंद्राएवढाच दिसतो. आठ पटीच्या दुर्बिणीतून तो दोन मीटरच्या आतून पाहिल्यासारखा होतो, आणि त्यात भुवई, डोळा, टोपी सगळं कळतं. दहा पटीची दुर्बीण घेतली तर पक्षी थोडा मोठा दिसतो, पण दृश्याचा घेर कमी होतो आणि हात हलल्याचं जास्त जाणवतं. सतत जागा बदलणाऱ्या पक्ष्यासाठी हा सौदा तोट्याचा ठरतो. मानही वाचवा. उतारावरच्या वाटा निवडल्या तर खालच्या झाडांचे शेंडे तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर येतात. मुंबईकरांना कान्हेरी लेण्यांच्या पायऱ्यांवरून ही सोय आहे. पुण्याहून जवळच्या घाटवाटांवर दरीच्या बाजूची झाडं अशीच पाहता येतील.

दिसला की नाव लिहून थांबू नका. झाड कोणतं, फांदी जिवंत की वाळकी, जाडी बोटाएवढी की मनगटाएवढी, ठोकत होता की सालीवरचं टिपत होता, सोबत कोण होते, हे लिहा. दहा नोंदींनंतर तुमच्या रानातला बुटका सुतार कुठे शोधायचा हे तुमची वहीच सांगेल.

ठाण्याहून: रोज दुपारी ‘टुक टुक टुक’ असं एकसारखं ठोकणं ऐकू येतं. हा बुटका सुतार असेल का?

हा तांबट पक्षी. तो ठोकत नाही, तो त्याचा कंठातला आवाज आहे. सेकंदाला एक-दोन अशा संथ, मोजता येणाऱ्या लयीत तो बराच वेळ चालतो. सुतार हद्द सांगण्यासाठी वाळक्या फांदीवर चोच आपटतो तेव्हा ठोके इतके जलद पडतात की मोजताच येत नाहीत, आणि दोन क्षणांत ते संपतातही. बुटक्याचं हे वादन क्षीण, जवळ असलात तरच ऐकू येणारं. अन्न शोधताना ठोकणं वेगळं: एक-दोन ठोके, थोडं थांबणं, पुन्हा ठोके. त्यात लय नसते.

कोल्हापूरहून: ४०० मिलिमीटरच्या लेन्सने काढलेले फोटो काळे येतात, पक्षी इवलासा दिसतो. काय चुकतं?

पक्षी इवलासा येणारच. १५ मीटरवरच्या बुटक्या सुताराची प्रतिमा ४०० मिलिमीटरच्या लेन्समधून सेन्सरवर साडेतीन मिलिमीटर लांबीची पडते. फुल-फ्रेम कॅमेऱ्यात ती चौकटीच्या उंचीचा सातवा भाग भरते, लहान सेन्सरच्या एपीएस-सी कॅमेऱ्यात जवळजवळ चौथा. म्हणजे ओळखीसाठी फोटो पुरतो, भिंतीवर लावण्यासाठी नाही.

काळेपणाचं कारण मागचं आकाश. कॅमेरा उजळ आकाश पाहून उजेड कमी करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ हवा ते सांगणारी कॅमेऱ्यातली सोय) +१ ते +१.७ पर्यंत वाढवा, आकाश पांढरं पडलं तरी चालेल. शटर सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून जलद ठेवा, कारण ठोकताना डोकं हलतं आणि नेमकी तीच खूण पुसट होते. फोकस एकाच बिंदूचा ठेवा, नाहीतर कॅमेरा पुढच्या डहाळीला पकडतो. शक्य तर सूर्य पाठीशी घ्या. फ्लॅश नको.

लंडनहून, मूळच्या साताऱ्याच्या वाचकाकडून: इथल्या वनात बुटक्या सुतारासारखा एखादा पक्षी आहे का?

आहे. लेसर स्पॉटेड वुडपेकर, ड्रायोबेट्स मायनर, १४ ते १६ सेंटिमीटर. साताऱ्याच्या रानात बुटका पाहिला असेल तर सवय उपयोगी पडेल, कारण हाही शेंड्यातल्या बारीक डहाळ्यांवर असतो. तुमच्या बागेतल्या दाण्यांवर येतो तो मोठा ग्रेट स्पॉटेड: २२ ते २४ सेंटिमीटर, खांद्यावर मोठे पांढरे डाग, शेपटीखाली भडक लाल. छोट्याच्या शेपटीखाली लाल नसतं आणि पाठीवर शिडीसारखे आडवे पांढरे पट्टे असतात. नराची टोपी लाल, मादीची नाही. सावध राहा: ग्रेट स्पॉटेडच्या पिल्लांचीही टोपी लाल असते, त्यामुळे मे अखेरनंतर दिसलेला ‘लाल टोपीचा’ सुतार बहुतेक वेळा मोठ्या जातीचं पोर निघतो.

पालवी फुटण्याआधी, फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, शांत आणि उन्हाच्या सकाळी जुन्या ओकच्या वनात शोधा. ब्रिटनमध्ये हा पक्षी फार घटला आहे आणि तिथल्या लाल यादीत आहे. म्हणून घरटं सापडलं तर जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. वुडपेकर नेटवर्क हे स्वयंसेवकांचं जाळं अशा घरट्यांच्या नोंदी ठेवतं, त्यांना कळवा.

चिपळूणहून: परसातल्या आंब्याच्या वाळक्या फांदीला खालच्या बाजूने छोटं गोल भोक पाडलंय आणि बुटका सुतार आत-बाहेर करतो. फांदी पावसाआधी तोडायची होती. काय करावं?

सध्या तोडू नका. या पक्ष्याची वीण फेब्रुवारीपासून पुढे चालते, जुलैपर्यंतही नोंदी आहेत. ३ किंवा ४ पांढरी अंडी असतात आणि नर-मादी दोघेही घरट्यावर राबतात. ढोलीचं तोंड मध्यम लिंबू जेमतेम जाईल एवढं, चार सेंटिमीटरच्या आसपास, आणि बहुधा फांदीच्या खालच्या अंगाला असतं. त्यामुळे पावसाचं पाणी आत शिरत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वन्य पक्ष्याचं घरटं किंवा अंडी मोडणं ‘शिकार’ या व्याख्येत येतं, हेही ध्यानात असू द्या.

पिल्लं आहेत की नाहीत ते लांबून कळतं. वीस मीटर तरी दूर, झुडपाच्या किंवा पडवीच्या आडोशाला बसून अर्धा तास पाहा. पक्षी भुसा बाहेर टाकत असेल तर कोरणं चालू आहे. बराच वेळ हालचालच नाही आणि मग एक आत जाऊन दुसरा बाहेर पडला, तर अंडी उबवणं चालू असावं. दोघे चोचीत किडे घेऊन वरचेवर येत असतील तर पिल्लं आहेत. चोचीत घास असूनही पक्षी शेजारच्या फांदीवर ओरडत थांबला, तर तुम्ही जास्त जवळ आहात. लगेच मागे हटा. शिडी लावणं, ढोलीत बॅटरी मारणं, तोंडासमोरच्या डहाळ्या फोटोसाठी छाटणं हे अजिबात नको. त्या डहाळ्याच घरटं कावळ्यांपासून लपवतात.

सलग तीन-चार दिवस सकाळी एक-एक तास पाहून कोणीच आलं-गेलं नाही तर घरटं रिकामं समजायला हरकत नाही. तेव्हाही फांदी बुंध्यापासून साफ करण्याआधी ती कुठे पडेल ते पाहा. खाली कौलं, वाट किंवा विजेची तार नसेल तर तिला तशीच राहू द्या. धोका असेल तर टोकाचा जड भाग उतरवा आणि खोडाजवळ मीटर-दीड मीटरचं खुंट ठेवा. बुटका सुतार दर वेळी नवी ढोली कोरायला मऊ पडलेलं, मनगटापासून दंडाएवढं जाड वाळकं लाकूड शोधतो. जिवंत, टणक लाकूड त्याच्या चोचीला जड जातं. आंबा, शेवगा, पांगारा, सावर यांची वाळकी लाकडं लवकर मऊ पडतात, म्हणून त्यांची खुंटं सर्वांत उपयोगी. सोडलेल्या ढोलीत पुढे वल्गुलीसारखे छोटे पक्षी घर करतात. लाकडी पेटी टांगून हे काम होत नाही, कारण सुताराला तयार खोली नको असते, कोरायला लाकूड हवं असतं.

आंब्याचं झाड नगरपरिषदेच्या हद्दीत असेल तर मोठी छाटणी करण्याआधी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. अर्जात घरट्याचा उल्लेख करा, ढोलीचं तोंड दिसेल असा लांबून काढलेला एक फोटो जोडा आणि छाटणीसाठी पावसाळ्यानंतरची तारीख मागा.